पोपसाठी केलेल्या पिसांच्या चित्रात अझ्टेक देव लपवलेला नाही

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फेसबुकवर एक मजकूर फिरतो आहे. सोबत एका चित्राचा फोटो असतो: गडद निळी पार्श्वभूमी, वेदी, वेदीवर कमरेपर्यंत वर आलेला जखमी ख्रिस्त, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला धर्मगुरू आणि भोवताली हवेत तरंगणारी तोंडं, हात, शिडी, कोंबडा. मजकूर थोडक्यात असा: हे चित्र रंगांनी नव्हे तर पक्ष्यांच्या पिसांनी केलेलं आहे. 1539 मध्ये स्पॅनिशांनी ते मेक्सिकोतल्या गुलाम अझ्टेक कारागिरांकडून पोपसाठी जबरदस्तीने करून घेतलं. कारागिरांनी त्यात आपले देव आणि नरबळीच्या खुणा गुपचूप लपवल्या. अडाणी पाद्र्यांना काही कळलं नाही आणि पोप नकळत हुइत्सिलोपोच्त्ली या युद्धदेवापुढे नतमस्तक झाला. पुढे बिंग फुटल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, कारागीर मारले आणि कला बुडवली. शेवटी आपल्यासाठी खास जोड: 'गोव्यात आपल्या पूर्वजांनी देव नदीपलीकडे नेले, अझ्टेकांनी ते पिसांत नेले.'

चित्र खरं आहे, पिसं खरी आहेत, 1539 हे सालही बरोबर आहे. बाकी बहुतेक मजकूर चुकीचा आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. ज्या लोकांनी हे चित्र उघडपणे, नावासकट आणि पूर्ण समजून-उमजून केलं, त्यांना हा मजकूर अंधारात खुणा करणारे अगतिक वेठबिगार ठरवतो. त्यांची बाजू घेतल्याचा आव आणून त्यांचं कर्तृत्वच काढून घेतो. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देणं भाग आहे.

'गुलाम कारागिरांकडून जबरदस्तीने करून घेतलं'

हे चित्र आज फ्रान्समधल्या ओश या गावच्या संग्रहालयात आहे. आकाराने लहान, साधारण 68 बाय 56 सेंटिमीटर. त्याच्या चारही कडांनी लॅटिन अक्षरं फिरवलेली आहेत. त्यांचा आशय असा: पोप तिसरे पॉल यांच्यासाठी, इंडीजमधल्या मेक्सिको या महानगरीत, डॉन दिएगो ('डॉन' ही मानाची उपाधी) गव्हर्नर असताना, फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथातले) बंधू पेद्रो दे गान्ते यांच्या देखरेखीखाली रचलं, इसवी सन 1539.

हा डॉन दिएगो स्पॅनिश नव्हे. तो दिएगो दे आल्वारादो हुआनित्सिन, स्पॅनिश आले तेव्हाचा अझ्टेक सम्राट मोक्तेसुमा याचा पुतण्या आणि जावई. तो एकातेपेकचा राजा होता. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस होंडुरासच्या मोहिमेवर गेला तेव्हा जी मेक्सिका, म्हणजे अझ्टेक, राजघराण्यातली माणसं त्याने बरोबर ओढत नेली, त्यात हा होता. त्याच मोहिमेत 1525 मध्ये शेवटचा सम्राट क्वाउतेमोक फाशी गेला. हुआनित्सिन वाचला, परतला, आणि 1538 मध्ये व्हाइसरॉय मेंदोसाने त्याला तेनोच्तित्लानच्या, म्हणजे मेक्सिको शहराच्या, मूळ रहिवाशांचा गव्हर्नर नेमलं. म्हणजे मोक्तेसुमाच्या घराण्यातला माणूस पुन्हा शहराच्या कारभारावर आला, आणि वर्षभरात हे चित्र पोपच्या नावाने तयार झालं.

ते त्याच वेळी का झालं हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेतले मूळ लोक पूर्ण अर्थाने माणसं आहेत का, त्यांना धर्म समजतो का, की त्यांना गुलाम करणं रास्त आहे, यावर स्पेनमध्ये आणि वसाहतींत उघड वाद चालला होता. 2 जून 1537 रोजी याच तिसऱ्या पॉलने 'सुब्लिमिस देउस' हा फतवा काढला: हे लोक खरीखुरी माणसं आहेत, ते ख्रिस्ती झालेले नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. ओशच्या चित्राचा अभ्यास करणारे अनेक जण ते या फतव्याला दिलेलं उत्तर मानतात, आणि मलाही ते पटतं. चित्राचा विषयच बघा. ख्रिस्ती धर्मातला जो सिद्धान्त समजायला सर्वांत अवघड, म्हणजे मिस्सा या चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या भाकरीत आणि द्राक्षरसात ख्रिस्त प्रत्यक्ष हजर असतो हा, तोच निवडला आहे. 'आम्हाला अक्कल नाही असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं' हा त्यातला रोख आहे. अशा चित्रात कुणी मूर्ती लपवून पाठवली असती आणि ती रोममध्ये कुणी ओळखली असती, तर ज्या हक्कांसाठी चित्र धाडलं त्या हक्कांवरच कुऱ्हाड पडली असती. हुआनित्सिनइतका पोळलेला माणूस तो धोका पत्करेल असं मानायला काहीही आधार नाही.

याचा अर्थ काळ सुखाचा होता असा मुळीच नाही. देवळं पाडली जात होती, वेठ होती, एन्कोमिएंदा नावाची जहागिरीची पिळवणूक होती, साथींनी गावंच्या गावं रिकामी होत होती. पण जुलमाच्या काळातही माणसं राजकारण करतात, अर्ज करतात, हक्क मागतात. हे चित्र तसंच आहे.

'हवेत तरंगणारी तोंडं आणि हात म्हणजे नरबळी'

फोटो बघून लोक सर्वांत आधी याच मुद्द्याला भुलतात. तुटलेली मुंडकी, तुटलेले हात, शेजारी कोंबडा, आणि कारागीर अझ्टेक. मग दुसरं काय असणार?

हे चित्र 'संत ग्रेगरीची मिस्सा' या विषयावरचं आहे. कथा अशी की पोप ग्रेगरी मिस्सा म्हणत असताना भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो का अशी कुणाला तरी शंका आली, आणि ती फेडायला अंगावर जखमा असलेला ख्रिस्त स्वतः वेदीवर प्रकट झाला. पंधराव्या शतकाच्या शेवटी हा विषय युरोपात, विशेषतः जर्मन आणि फ्लेमिश प्रदेशांत, अतोनात लोकप्रिय होता. या चित्रांत ख्रिस्ताभोवती त्याच्या छळाची साधनं आणि आठवणी मांडायची रीत होती: ज्या खांबाला बांधून फटके मारले तो खांब, क्रुसावरून उतरवायची शिडी, खिळे, भाला, झग्यासाठी टाकलेले फासे, पीटरने तीन वेळा नाकारलं तेव्हा आरवलेला कोंबडा. तोंडं आहेत ती ख्रिस्ताचं चुंबन घेऊन त्याला पकडून देणाऱ्या ज्यूडसची, थुंकणाऱ्याची. हात आहेत ते मारणाऱ्यांचे, पैसे मोजणाऱ्यांचे. पूर्ण माणूस काढायला जागा नाही म्हणून त्याचं तेवढंच अंग काढायचं. ओशच्या चित्राला सर्वांत जवळचा नमुना म्हणून इस्राएल फान मेकेनेम या जर्मन नक्षीकाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र दाखवलं जातं. अशी छापचित्रं गान्तेसारखे फ्रान्सिस्कन बरोबर आणत. नरबळीची म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक खूण युरोपातल्या अशाच चित्रांत आधीपासून आहे.

मेक्सिकोतल्या हाताने त्यात काय बदललं, हे मात्र खरंच बघण्यासारखं आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. युरोपीय छापचित्रांत गर्दी असते: कार्डिनल, खांब, कमानी, वस्तूंवर वस्तू. ओशच्या चित्रात ती गर्दी काढून टाकली आहे. प्रत्येक वस्तू निळ्या मोकळ्या जागेत सुटी, स्वच्छ आणि एकेक करून ओळखता येईल अशी ठेवली आहे. नाहुआ लोकांच्या (अझ्टेक त्यांच्यातलेच) चित्रलिपीच्या पोथ्यांत पानावर चिन्हं अशीच मांडलेली असतात. त्या परंपरेत वाढलेल्या नजरेने युरोपीय विषय आपल्या शिस्तीत लावून घेतला. ते सगळ्यांना दिसावं म्हणूनच केलेलं आहे.

'पाद्र्यांना काही कळलं नाही'

हा मुद्दा वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण त्याने दोन्ही बाजूंची माणसं खोटी होतात.

पेद्रो दे गान्ते 1523 मध्ये मेक्सिकोत आला आणि 1572 मध्ये तिथेच वारला. जवळजवळ पन्नास वर्षं. मेक्सिको शहरात फ्रान्सिस्कन मठाला लागून त्याने सान होसे दे लोस नातुरालेस ही शाळा उभी केली. तिथे मूळ मुलांना गाणं, लेखन, चित्रकला, शिंपीकाम, सुतारकाम शिकवलं जाई, आणि सगळं त्यांच्या नाहुआत्ल भाषेत. त्याच्या हाताखालच्या कारागिरांची भाषा आणि त्यांचे देव त्याला ठाऊक नव्हते असं म्हणणं हास्यास्पद आहे.

साहागुनचं उदाहरण याहून बोलकं आहे. बेर्नार्दिनो दे साहागुन हा फ्रान्सिस्कन 1529 मध्ये आला. नाहुआ वडीलधाऱ्यांना आणि शाळेत शिकलेल्या नाहुआ विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्याने बारा खंडांचा ग्रंथ रचला. आज तो फ्लोरेन्समध्ये आहे म्हणून त्याला फ्लोरेन्टाइन कोडेक्स म्हणतात. जुने देव, त्यांचे सण, बळी, शकुन, सगळं त्यात आहे. साहागुनने ते कौतुकाने नव्हे तर मूर्तिपूजा ओळखता यावी म्हणूनही गोळा केलं होतं, आणि तसं त्याने लिहूनच ठेवलं आहे. तेपेयाकच्या टेकडीवर ग्वादालुपेच्या माउलीच्या, म्हणजे मेरीच्या, दर्शनाला लोक लांबून लांबून येतात ते जुन्या देवीच्याच ओढीने, अशी उघड तक्रारही त्याने केली. संशय घेण्यात ही माणसं कमी पडत नव्हती.

आणि 1539 हे साल तर संशयाने भरलेलं होतं. बिशप ख्वान दे सुमारागा तेव्हा इन्क्विझिटरचे अधिकार वापरत होता. महामंदिरातल्या मूर्ती कुठे लपवल्या याचा तपास त्याच वर्षी चालला होता. 30 नोव्हेंबर 1539 रोजी तेस्कोकोच्या राजघराण्यातला डॉन कार्लोस ओमेतोच्त्सिन याला मेक्सिको शहरात जाहीरपणे जाळलं. पिसांचं चित्र बनलं त्याच शहरात, त्याच वर्षी. हुआनित्सिन त्याच वर्तुळातला होता, शेजारच्या राज्यातल्या नातलगासारख्या सरदाराचं काय झालं हे त्याने पाहिलं. लपवलेल्या मूर्ती होत्याच, आणि त्या भिंतींत, गुहांत, घरांत होत्या. बिशपच्या नाकासमोर बनून पोपकडे जाणाऱ्या वस्तूत त्या असण्याची गरजही नव्हती आणि शहाणपणही नव्हतं.

1555 च्या पहिल्या मेक्सिकन धर्मपरिषदेने तर ठरावच केला की स्पॅनिश असो वा इंडियन, परीक्षा दिल्याशिवाय कुणीही चर्चसाठी चित्र काढायचं नाही. अडाणी यंत्रणा असे ठराव करत नाही.

'पिसं वापरणं हीच गुप्त पूजा होती'

या दाव्यात थोडं सत्य आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

नाहुआ लोकांत पिसं ही केवळ सजावट नव्हती. हुइत्सिलोपोच्त्लीची जन्मकथाच अशी की कोआतेपेकच्या डोंगरावर कोआत्लिक्वे झाडलोट करत असताना वरून पिसांचा गोळा पडला, तिने तो पोटाशी ठेवला आणि तिला दिवस गेले. लढाईत मेलेले योद्धे चार वर्षं सूर्याची सोबत करतात आणि मग गुंजारव करणारे हमिंगबर्ड आणि फुलपाखरं होऊन फुलांवर येतात, असा विश्वास होता. देवांच्या मूर्ती, राजे, मोठे योद्धे पिसांनी मढवलेले असत. केत्साल पक्ष्याची हिरवी लांब पिसं सोन्याहून मोलाची मानत, आणि ती दूरच्या दक्षिणेकडच्या प्रांतांतून खंडणी आणि व्यापाराने येत. हे सगळं 1521 मधल्या स्पॅनिश विजयानंतर एका रात्रीत लोकांच्या मनातून गेलं नाही. जाणारही नव्हतं.

ते काम कसं चालायचं याचं वर्णन फ्लोरेन्टाइन कोडेक्सच्या नवव्या खंडात आहे, चित्रांसकट. कारागिरांना आमांतेका म्हणत, मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्कोजवळच्या आमांत्लान या वस्तीवरून. आधी चित्रकार रेघांचा नमुना काढून देई. कापसाचा पातळ थर मागेय या घायपाताच्या जातीच्या झाडाच्या पानावर पसरून त्याला डिंक लावत. सुकला की तो चकचकीत पापुद्र्यासारखा सोलून निघे. तो नमुन्यावर ठेवून रेघा उतरवत, कागदावर चिकटवत, कापत. डिंक ऑर्किडच्या कंदाची पूड करून बनवलेला, आणि तो कालवून ठेवणं घरातल्या मुलांचं काम. खाली स्वस्तातली, रंगवलेली पिसं. त्यावर मौल्यवान पिसं, कौलं रचावीत तशी एकाच्या टोकाने दुसऱ्याचं बूड झाकत. हाडाच्या पातीने दाबून बसवायची, तांब्याच्या पातीने छाटायची. खालचा रंग वरच्या पिसातून किती झिरपेल याचा अंदाज हीच खरी विद्या. गोमारा या स्पॅनिश इतिहासकाराने 1552 मध्ये लिहिलं आहे की हा कारागीर एक पीस लावतो, काढतो, उन्हात धरून बघतो, सावलीत धरून बघतो, आणि या नादात दिवसभर जेवतही नाही.

उन्हात आणि सावलीत बघण्याचं कारण पिसातच आहे. हमिंगबर्डच्या गळ्याचा झगमगाट आणि केत्सालचा हिरवा हे रंगद्रव्याचे रंग नाहीत. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो त्यातून ते निर्माण होतात. कोन बदलला की हिरव्याचा निळा होतो, सोनेरी होतो, काळा पडतो. 'चित्र हलतं, त्यात देव प्रकटतो' असे जे व्हिडिओ फिरतात त्यात हाच पिसांचा गुण दिसतो. लाल आणि पिवळी पिसं वेगळी. त्यांचे रंग रंगद्रव्याचे असल्याने ते काळाने फिके होतात. जुन्या पिसचित्रांत निळं-हिरवं अजून जिवंत आणि लाल विझलेलं दिसतं ते त्यामुळे.

आता प्रश्न असा: हा प्रकाश ख्रिस्ताच्या चित्रात आणला तर ती गुप्त पूजा झाली का? फ्रान्सिस्कनांनीच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. मोतोलिनियाने लिहिलं की हमिंगबर्ड थंडीत फांदीला निपचित चिकटून राहतो आणि पावसाळा आला की पुन्हा जिवंत होतो. मग मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल शंका कशाला? (पक्षी मरत नाही. थंड रात्री शरीराचं तापमान उतरवून काही तास सुप्तावस्थेत जातो. निरीक्षण त्यावरूनच आलं असावं.) ज्या पक्ष्यात नाहुआंना योद्ध्याचा आत्मा दिसे, त्यातच पाद्र्याने पुनरुत्थान दाखवलं, आणि तेही लिहून, उघड. साहागुनने नाहुआत्ल भाषेत ख्रिस्ती गाणी रचून 1583 मध्ये 'साल्मोदिया क्रिस्तियाना' या नावाने छापली. त्या गाण्यांतला स्वर्ग केत्सालच्या पिसांनी, रत्नांनी, गाणाऱ्या रंगीत पक्ष्यांनी भरलेला आहे. ज्याने आयुष्यभर मूर्तिपूजेचा माग काढला त्यानेच पिसांचा स्वर्ग छापून गावोगाव गायला दिला.

हे फक्त पिसांत घडलं असंही नाही. मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतात सिउदाद इदाल्गोच्या दगडी क्रुसाच्या मध्यभागी ऑब्सिडियन या काचेसारख्या काळ्या ज्वालामुखी दगडाची चकती बसवली आहे, तेही चर्चच्या आवारात, सर्वांच्या डोळ्यांसमोर. इदाल्गो प्रांतात इश्मिकिल्पानच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये आतल्या भिंतींवर जग्वारच्या कातड्यातले, पिसं ल्यालेले योद्धे लढताना रंगवले आहेत. ते मोठे आहेत आणि मिस्सेला बसलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. ती चित्रं साधूंच्या संमतीशिवाय भिंतीवर येऊ शकली नसती. ती नेमकी कशासाठी काढली यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, आणि असावा. पण ती लपवलेली होती असं त्यातलं कुणीच म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: जुने अर्थ या चित्रांत आले आहेत. ते चोरवाटेने आले नाहीत, दारातून आले. पाहणाऱ्या नाहुआ माणसाच्या मनात ख्रिस्त आणि सूर्य जवळजवळ उभे राहत असतील. तसे राहावेत अशी काही पाद्र्यांची इच्छा होती, तर काहींना त्याचीच भीती होती. 'लपवलं' म्हटलं की हा सगळा गुंता एका झटक्यात नाहीसा होतो, आणि खरी रंजक गोष्ट तर तीच आहे.

'इन्क्विझिशनने कारागीर मारले, कला बुडवली'

मेक्सिकोत इन्क्विझिशनचं स्वतंत्र न्यायालय 1571 मध्ये स्थापन झालं, आणि मूळ लोकांना त्याच्या कक्षेबाहेर ठेवलं गेलं. त्यांचे खटले बिशपांकडे गेले. पिसकाम करणाऱ्यांना त्या कामासाठी मारल्याची नोंद नाही. उलट कामं वाढली. पिसांच्या बिशपटोप्या युरोपात गेल्या; त्यातल्या काही आज फ्लोरेन्स, व्हिएन्ना, मिलान, तोलेदो आणि एस्कोरिआलमध्ये आहेत. मिचोआकानच्या ख्वान बाउतिस्ता कुइरिसने केलेली ख्रिस्ताची आणि मेरीची छोटी पिसचित्रं व्हिएन्नात आहेत आणि त्यांवर त्याने स्वतःचं नाव घातलं आहे. लपून काम करणारा कारागीर सही करत नाही.

होसे दे आकोस्ता या जेझुइटाने 1590 मध्ये एक प्रसंग नोंदवला आहे. पोप पाचवे सिक्स्टस यांना संत फ्रान्सिसचं पिसचित्र भेट आलं आणि ते पिसांचं आहे हे त्यांना खरं वाटेना. त्यांनी बोटं फिरवून पाहिलं, रंग आहे की पीस. पोपला चकवलं असेल तर एवढंच, आणि तेही कसबाने.

कला ओसरली ती दुसऱ्या कारणांनी. 1545 आणि 1576 च्या कोकोलिस्त्ली नावाच्या साथींनी माणसं मेली, त्यांत कारागीरही गेले आणि शिकणारी मुलंही. जुनं साम्राज्य गेल्यावर दूरच्या जंगलांतून खंडणीने येणारी पिसं आटली. गिऱ्हाइकांची आवडही बदलली: पुढच्या चित्रांत चेहरे आणि हात तैलरंगात आणि पिसं फक्त कपड्यांना, असं व्हायला लागलं. मिचोआकानमध्ये काम त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं.

'मोक्तेसुमाचा मुकुट चर्चने पळवला'

मजकुराच्या काही आवृत्त्यांत हेही असतं, म्हणून थोडक्यात. व्हिएन्नाच्या वेल्टम्युझियममधला केत्सालच्या पिसांचा भव्य शिरपेच मोक्तेसुमाने घातल्याचा पुरावा नाही. तो 1596 मध्ये टिरोलच्या आर्चड्यूक फर्डिनांडच्या आम्ब्रास किल्ल्यातल्या संग्रहाच्या यादीत येतो, 'मूरांची टोपी' म्हणून. संग्रह राजघराण्याचा होता, चर्चचा नव्हे. तो परत मिळावा ही मेक्सिकोची मागणी मला रास्त वाटते. 2010 नंतर दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून केलेल्या तपासणीत प्रवासातले हादरे पिसांना सोसणार नाहीत असा निष्कर्ष निघाला. त्या मागणीसाठी खोटी कथा लागत नाही.

'गोव्यात आपण केलं तेच त्यांनी केलं'

हा मजकूर मराठीत इतका पटकन धरतो त्याचं कारण हे शेवटचं वाक्य आहे. गोव्यात सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, आणि भक्तांनी देव खरोखरच हलवले: कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. तो इतिहास खरा आहे. पण तिथे देव कुठे गेले हे सांगायला आज देवळं उभी आहेत, पूजा चालू आहे, महाजन आहेत. ओशच्या चित्रासाठी यातलं काहीही नाही. एका ठिकाणचं दुःख खरं आहे म्हणून दुसऱ्या ठिकाणची कल्पित गोष्ट खरी होत नाही.

मेक्सिकोशी गोव्याची तुलना करायचीच असेल तर तिला जागा आहे, पण ती वेगळी. 1567 मध्ये गोव्याच्या पहिल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती चित्रं आणि मूर्ती हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला बंदी घातली. मेक्सिकोच्या 1555 च्या ठरावाच्या मागोमाग, आणि त्याच धास्तीने. तरीही गोव्यातल्या हस्तिदंती मूर्तींत स्थानिक हात स्पष्ट दिसतो. डोंगरावर मेंढरांसह बसलेला, डोळे मिटून ध्यानात गेलेला बाळ ख्रिस्त, ज्याला 'उत्तम मेंढपाळ' म्हणतात, तो बघून कुणालाही बसलेल्या बुद्धाची किंवा योग्याची आठवण होते. आणि 1616 मध्ये राशोलला फादर थॉमस स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली, पुराणाच्या घाटात. त्यात कुणी विठोबा लपवला नव्हता. ज्ञानेश्वर आणि एकनाथ ऐकत वाढलेल्या कानांना कळेल अशा रूपात परक्या देवाची गोष्ट सांगितली होती. हुआनित्सिनच्या शहरातल्या आमांतेकांनी पिसांत तेच उलट्या दिशेने केलं: परकी गोष्ट ऐकली, समजून घेतली आणि आपल्याकडच्या सर्वांत मोलाच्या वस्तूत मांडून ज्याची होती त्याच्याकडे परत पाठवली.